टोपलीखालची निथळ

उई फोंगच्या मिठाला नावं ठेवायची छाती त्या डोंगरात कुणाची झाली नव्हती. खाऱ्या विहिरीभोवती सात चुली होत्या, पण खालचा व्यापारी ट्रक घेऊन वर आला की आधी तिच्या चुलीपाशी थांबायचा. मीठ पांढरं, दाणा बारीक, जिभेवर कडवटपणा नाही. सगळा गाव तिला उई, म्हणजे आजी म्हणायचा, आणि तिच्या तोंडाला लागायचं टाळायचा. विहिरीच्या राजाला, म्हणजे तिथल्या देवाला, वर्षातून एकदा डुक्कर द्यायचं, तेव्हा बायकांच्या पुढं तीच चालायची.

तिच्या गळ्याला मुठीएवढा गलगंड होता. तिच्या आईलाही होता, गावातल्या निम्म्या बायकांना होता. "मीठवालीचा गळा असा भरलेलाच असतो," ती म्हणायची. "ज्यांचे गळे रिकामे, त्यांनी आपली हाडं मोजत बसावं."

त्या हिवाळ्यात तिच्या लेकीला, सेंगलाला, चौथा महिना लागला होता. सेंगलाची थोरली नोई नऊ वर्षांची, पण उंचीनं पाचाची. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, जाड जीभ सदा ओठांत अडकलेली. मधलं एक झालं ते रडलंच नाही. म्हणून आता घरात कुणी हसूनसुद्धा पोटाकडे बघत नव्हतं.

खालच्या आरोग्य केंद्रातली नर्स अंपाई चढ चढून आली ती याच पोटासाठी. वय तिचं लहान, बोलणं गोड, आणि डोंगर चढूनही धाप लागलेली नाही, म्हणून उई फोंगला ती पहिल्यापासून खटकायची.

"उई, ही गोळी सेंगलाला आज द्यायची. तेलाची आहे. एकच."

"का? ताप आलाय तिला?"

"ताप नाही. तुमच्या गळ्यात ती जी गाठ आहे ना, ती सगळ्यांच्याच गळ्यात असते. माझ्याही आहे, फुलपाखराएवढी. तिच्यातून एक रस रक्तात उतरतो. अंगाची ऊब त्या रसावर, वाढ त्या रसावर. पोटातल्या पोराची स्वतःची गाठ पहिले महिने कामाला लागलेली नसते. ते आईच्या रसावर मेंदू घडवतं. आणि हा रस बनवायला आयोडीन लागतं. मोहरीएवढंसुद्धा नाही, पण लागतं. ते समुद्राच्या मासळीत असतं, इथल्या मातीत नाही. हजारो पावसाळ्यांनी धुऊन नेलं. तुमच्या विहिरीतही नाही."

"माल नाही तर गाठ फुगते कशाला? रिकामं पोतं कधी फुगतं का?"

"हुकमानं फुगते, उई. डोक्यात, मेंदूच्या खाली एक वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. रक्तात रस कमी पडला की ती गळ्यातल्या गाठीला सांगते, बनव. तरी रस आला नाही की पुन्हा सांगते, आणखी बनव. गळ्यातली बिचारी राबते, वाढत जाते, हाती काही लागत नाही."

"म्हणजे माझ्या डोक्यात माझ्यासारखीच एक म्हातारी बसलीय म्हण की."

चुलीभोवतीच्या बायका हसल्या. अंपाईही हसली, आणि हसण्याच्या भरात जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेली. "नोईचं तेच झालं ना. वेळेत मिळालं असतं तर..."

हसणं तिथंच थांबलं. उई फोंग उठली.

त्या घरात एक रीत होती. पोटुशी बाई असली की कढईतलं पहिलं फावडाभर मीठ तिच्या भाताला. बाजारातली मासळी तिला वर्ज्य. नोईच्या वेळी ट्रकवाल्याकडची समुद्राची वाफवलेली मासळी सेंगलानं टोपलीभर घेतली होती, तेव्हा उई फोंगनं तिच्या हातातून ती टोपली काढून घेतली होती. नर्सचं खरं धरलं, तर नोईची जीभ कुणी बांधली? विहिरीच्या राजानं नव्हे.

"नोईला राजानं स्वतःसाठी मागून घेतलंय," ती म्हणाली. "तू सरकारची पगारी पोर, तुला काय कळायचं त्यातलं? उचल तुझी गोळी."

सेंगला दारात उभी होती. "आई, घेऊ का मी? एकच तर आहे."

"माझ्या घरातली पोटुशी माझ्या हातचं मीठ खाते. दुसरं काही खात नाही."

सेंगला आत गेली. तिला उलटून बोलायची सवय कुणी लावलीच नव्हती. अंपाईनं निघताना आयोडीनच्या औषधाची एक तपकिरी बाटली पायरीवर ठेवली. "निदान मिठात तरी मिसळा, उई. पण मीठ आधी चांगलं..."

"मिठात मीठ असतं!" असं ओरडून उई फोंग चुलीकडे वळली. पुढचं तिनं ऐकलं नाही.

चार दिवसांनी नोई उकळत्या कढईच्या काठाशी वाकली, बुडबुडे बघायला. उई फोंग पलीकडून ओरडली. पोर वळेना. पुन्हा ओरडली, सगळ्या विहिरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि मग धावत जाऊन तिनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. नोई तिच्याकडे बघून हसली. खेळ वाटला तिला.

सेंगला लाकडाचा भारा टाकून तिथंच उभी राहिली. "हेही असंच झालं तर, आई?"

रागावून विचारलं असतं तर उई फोंगकडे दहा उत्तरं होती. सेंगलानं नुसतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती बाटली घेऊन चुलीवर गेली. कढईत खाऱ्या पाण्याखेरीज काही पडू द्यायचं नाही, हा राजाचा नियम. तिनंच तो गावाला शिकवलेला. ती आधी राजाच्या देव्हाऱ्यापुढं गुडघ्यांवर बसली. "राग धरायचाच तर माझ्यावर धर," ती म्हणाली. मग झाकणभर औषध उकळत्या पाण्यात ओतलं. त्या दिवसापासून प्रत्येक कढईला एक झाकण. कुणाला सांगितलं नाही, सेंगलालासुद्धा नाही. कालच्या पोरीचं ऐकलं असं गावानं म्हणायला नको होतं.

पाणी आटून मीठ धरलं की ती फावड्यानं ते बांबूच्या टोपल्यांत भरायची. टोपल्या दांडीला टांगल्या की दिवसभर, रात्रभर निथळायच्या. खाली कोरलेल्या ओंडक्याची पन्हळ, तिच्यात ती कडवट निथळ साठायची. माणसं ती तोंडाला लावत नसत. तिचं काम एकच, म्हशीच्या पेंढ्यावर शिंपडायची. सुकलेलं मीठ स्वयंपाकघरात जायचं आणि उई फोंग सेंगलाच्या भातावर स्वतःच्या हातानं ते घालायची, नेहमीपेक्षा चिमूटभर जास्तच. लेक जेवत असताना ती समोर बसून राहायची. दहा आठवडे असे गेले. बाटली संपली तेव्हा तिनं निरोप न देता एका म्हाताऱ्याच्या हातून ती रिकामीच खाली पाठवली. अंपाईनंही काही न विचारता भरून पाठवली.

मग म्हैस व्याली.

आधीची दोन रेडकं केस नसलेली जन्मली होती. उघडी गुलाबी कातडी, गळ्याला फुगवटा, उभी न राहताच गेली. हे तिसरं मात्र काळंभोर, अंगभर केस, आणि दुपारच्या आत चार पायांवर उभं राहून ढुशा देऊ लागलं. सगळा गाव बघायला लोटला. शेजारच्या चुलीवरची बुआचोम म्हणाली, "उई, रेडकाला तोंडही तुझंच आलंय. बघ कसं ओरडतंय."

त्याच दिवशी अंपाई सेंगलाला तपासायला आली होती. सातवा लागायला आला होता. तिनं रेडकाच्या गळ्याखालून हात फिरवला. फुगवटा नव्हता.

"म्हशीला काय घातलंत, उई?"

"पेंढा. नेहमीचाच."

"आणि मीठ?" अंपाईनं पिशवीतून छोटी कुपी काढली. स्वयंपाकघरातलं मीठ मागवलं आणि त्यावर एक थेंब टाकला. "औषध असलं तर निळं व्हायला हवं."

मीठ पांढरंच राहिलं. दुसरा थेंब. पांढरंच.

"खोटं आहे तुझं हे पाणी!" उई फोंगचा आवाज चढला. बायका बघत होत्या, आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी स्वतः ओतलंय. रोज. उकळत्या कढईत, माझ्या या हातानं."

अंपाईनं तिच्याकडे पाहिलं. "कढईत?"

उई फोंगची नजर रेडकावर गेली, तिथून पेंढ्यावर, पेंढ्यावरून दांडीला टांगलेल्या टोपल्यांवर. पन्नास वर्षं मीठ काढलेली बाई ती. खारं पाणी आटताना आधी काय धरतं आणि शेवटपर्यंत काय वाहत राहतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"पन्हळीत टाक," ती म्हणाली.

अंपाईनं करवंटीभर निथळ घेतली आणि थेंब सोडला. पाणी गर्द निळं झालं.

मग अंपाई हळूच म्हणाली, "सुकल्यावर मिसळायचं होतं, उई. तेच सांगत होते मी त्या दिवशी."

"मला माहीत आहे तू सांगत होतीस." उई फोंग पन्हळीच्या काठावर बसली. "अडीच महिने. ते परत मिळतात का?"

"नाही."

पोरगी गोड बोलणारी खरी, पण या एका जागी गोड बोलली नाही, आणि उई फोंगला ती त्या दिवसापासून आवडायला लागली. "उरलेले आहेत," अंपाई म्हणाली. "ते वाया घालवायचे नाहीत."

सेंगला विहिरीवर खारं पाणी शेंदत होती, चार बायका सोबत होत्या. उई फोंग तिथंच गेली. आत बोलावून सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तिला ते लबाडीचं वाटलं. सगळ्यांसमोर ती उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. औषध घातलं होतं. चोरून घातलं होतं. ते म्हशीला गेलं आणि लेकीला नुसतं मीठ मिळालं. "आणि नोईच्या वेळी मी ते मासे काढून घेतले होते," ती म्हणाली. "तेही मीच."

सेंगलानं दोर खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मी तुला विचारलं होतं, आई," ती म्हणाली. "दारात उभी राहून विचारलं होतं." मग अंपाईकडे जाऊन तिनं हात पुढं केला, गोळी घेतली, आणि घरचं नाही, अंपाईच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी प्यायली. उई फोंगला ते लागलं. लागावं म्हणूनच केलं होतं.

मुलगी झाली. रडली. ताट वाजलं की दचकायची, तेव्हा घरानं श्वास सोडला. पण रांगली उशिरा, आणि दोन वर्षांची होत आली तेव्हा पहिलं पाऊल टाकलं. बोलते, पण शब्द शोधत बोलते.

"काही मुलं असतातच सावकाश," अंपाई म्हणाली.

"माझी समजूत घालू नकोस," उई फोंग म्हणाली. "ती सेंगलाची घाल. मला राहू दे तशीच."

आता त्या सातही चुलींवर टोपलीतलं मीठ सुकल्यावरच औषध मिसळतात, आणि मिसळायला उभी राहते ती सेंगला. उई फोंग नुसती लाकडं लावते. पण गावात कुणाला दिवस गेले की खाली केंद्रावर घेऊन जायचं काम तिनं स्वतःकडे ठेवलंय. परवा बुआचोमच्या सुनेला घेऊन गेली. बुआचोम वाटभर कुरकुरत होती, "आमच्या सुनेला आमचं मीठ पुरे आहे, उई. आम्ही नाही का पोरं काढली?"

"हे मी म्हणून झालंय," उई फोंग म्हणाली. "शब्दन् शब्द हेच. तू नवीन काही शोध."

केंद्रावर ती सुनेच्या समोर स्टूल ओढून बसली. गोळी हातावर पडली तरी पोर घुटमळत होती, एकदा सासूकडे बघत होती, एकदा गोळीकडे.

"तिच्याकडे काय बघतेस? पोट तुझं आहे," उई फोंग म्हणाली. "गीळ. आणि तोंड उघडून दाखव मला."