हळू वेळ

"हा आमचा डीन नाही," असं म्हणून व्हर्डा थिसेनने काचेखालून आलेला दाखला बोटाच्या टोकाने परत आत ढकलला.

काचेपलीकडच्या जोलीनने तो उचलला, उलटापालटा करून पाहिला. ती तालुक्याच्या कचेरीत वीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी सांभाळत होती आणि त्याआधी रविवारच्या शाळेत व्हर्डाच्याच हाताखाली शिकली होती, त्यामुळे बोलताना जरा दबूनच असायची.

"मिसेस थिसेन, नाव तेच आहे. आईबापाचं नाव तेच. व्हेस्टरबर्गचाच दवाखाना."

"आणि तारीख?"

"चौदा मे एकोणीसशे पासष्ट. जन्म रात्री बारा चाळीस, मृत्यू एक वीस."

"तेरा आणि चौदा," व्हर्डा म्हणाली. "माझं पोर दोन दिवस जगलं."

लोरेन आईच्या मागे उभा होता. हे वाक्य तो लहानपणापासून ऐकत आला होता. डीन चाळीस मिनिटं जगला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती चाळीस मिनिटं मध्यरात्रीच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपली होती, आणि थडग्याच्या दगडावर दोन तारखा होत्या. दर मे महिन्यात आई त्या तारखांवरचं शेवाळ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढायची. यंदाच्या हिवाळ्यात बर्फाने लगडलेली फांदी पडून दगडाचे तीन तुकडे झाले. चर्चची समिती नवा दगड बसवून देणार होती, पण दाखल्यावर असेल तीच तारीख कोरायची, असा समितीने नियम केला होता. शुक्रवारपर्यंत दाखला द्यायचा होता. आईकडची जुनी प्रत तळघरात पाणी शिरलं त्या वर्षीच गेली होती.

लोरेनने दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली ओळ वाचली. *वेळ : अमेरिका/शिकागो.* काचेजवळ वाकून त्याने ती पुन्हा वाचली.

ती ओळ त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. जगातले सगळे फोन आणि संगणक, कुठे किती वाजले हे एका यादीत बघून सांगतात. ती यादी कुठल्या सरकारची नाही. हौशी माणसं ती सांभाळतात, बिनपगारी, आपापसात पत्रं लिहून आणि भांडून. देस मॉइनच्या बँकेतली नोकरी करता करता लोरेन एकवीस वर्षं त्यांच्यातला एक होता. त्या यादीत प्रत्येक मुलखाच्या वेळेला तिथल्या मोठ्या शहराचं नाव असतं. व्हेस्टरबर्गसकट आयोवाची सगळी गावं शिकागोच्या नावाखाली झोपलेली. एखाद्या गावाला स्वतःचं नाव हवं असेल, तर तिथली घड्याळं १९७० नंतर कधीतरी वेगळी चाललेली असावी लागतात. त्याआधीचं काही धरत नाहीत. कुठूनकुठून लोक लिहायचे, आमच्या गावात अमुक साली वेगळी वेळ होती म्हणून. त्यांना पाठवायचं नकाराचं उत्तर लोरेननेच तयार करून ठेवलं होतं. आभार मानणारं, सभ्य, चार ओळींचं. किती जणांना धाडलं असेल, त्याने कधी मोजलं नव्हतं.

"चूक नाहीये ही," तो म्हणाला. "संगणक क्षण जपून ठेवतो, घड्याळ ठेवत नाही. मूळ कागदावर तेराच्या रात्रीचे अकरा चाळीसच असणार. ते आत नीट गेलं. बाहेर काढताना त्याने शिकागोत किती वाजले होते ते छापलं. त्या मे महिन्यात शिकागोची घड्याळं तासभर पुढे केलेली होती, आपली नव्हती."

"शिकागोत माझं कोण आहे?" व्हर्डा म्हणाली.

जोलीनने खणातून एक अर्ज काढला. "मूळ कागद राज्याच्या गोदामात आहे. मागवला तर आठ महिने. त्यापेक्षा हे प्रतिज्ञापत्र भरा. त्या आठवड्यात गाव हळू वेळेवर होतं असा छापील पुरावा जोडा, मी दुरुस्ती करून देते."

हळू वेळ आणि जलद वेळ. लोरेनने हे शब्द कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलं की जलद, नाही केलं की हळू. त्या काळी दर गावाचा आपापला कारभार. इथे जलद, नदीपलीकडे हळू, आणि लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा कुठली वेळ ते लिहावं लागायचं.

आईला घरी सोडून तो वाचनालयात गेला. पुरावा कसा शोधायचा हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, जन्म त्यातच गेला होता. गावच्या साप्ताहिकाचे बांधीव अंक तळघरात होते. पासष्ट साल, मे. दुसऱ्याच अंकात सापडलं, पहिल्या पानावर, डुकरांच्या भावाशेजारी. *गावसभेचा चार विरुद्ध एक मतांनी निर्णय. रविवार, नऊ मेपासून व्हेस्टरबर्ग जलद वेळेवर.*

त्याने ते तीनदा वाचलं. नऊ मे. डीनच्या चार दिवस आधी.

म्हणजे दाखला बरोबर होता. गावच्या घड्याळाने पोर चौदालाच जन्मलं आणि चौदालाच गेलं. असा चोख पुरावा मिळाला की एरवी लोरेनला दिवसभर गुणगुणावंसं वाटायचं. आज तो खुर्चीत तसाच बसून राहिला. पान फाडून टाकावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याने प्रत काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि गावाला उगाच दोन चकरा मारून घरी गेला.

व्हर्डा ओट्याशी रूबार्बचे आंबट देठ चिरत होती.

"मिळालं?"

"मिळालं."

"मग तोंड का असं पाडलंयस?"

त्याने कागद तिच्यासमोर ठेवला. तिने हात पुसले, चष्मा लावला, सावकाश वाचलं.

"चार विरुद्ध एक," ती म्हणाली. "तो एक म्हणजे तुझे आजोबा. माझ्या गाई सभेला विचारून पान्हवत नाहीत, असं सुनावून आले होते. आमच्या शेतावर हळू वेळच राहिली."

"आई, दवाखाना गावात होता."

"ठाऊक आहे मला. मीच होते ना तिथे."

ती परत चिरायला लागली. दोनतीन देठ झाले.

"खोलीत दोन घड्याळं होती. एक गावाचं, एक शेतावरून येणाऱ्यांसाठी. डॉक्टर बघून गेले आणि बाहेर तुझ्या बाबांशी बोलायला लागले, तेव्हाच मी समजले. नर्सने त्याला माझ्या हातात दिलं. छोटीशीच होती ती, माझ्याच वयाची. हातात तक्ता घेऊन म्हणाली, कुठल्या वेळेने लिहू? सगळ्यांनाच विचारायचे तसं. मी म्हटलं, हळू लिहा. त्याला कसली घाई आहे."

सुरी थांबली.

"दोन तारखा होतील हे तेव्हा डोक्यातच नव्हतं, लोरेन. मला नुसतं वाटलं, हळू म्हटलं तर जरा हळू जाईल."

लोरेन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याने दुसरी सुरी घेतली आणि उरलेले देठ चिरू लागला. डोळे भरून आल्यामुळे त्याचे तुकडे लहानमोठे होत होते. आई एरवी टोकल्याशिवाय राहिली नसती. आज तिने ते तसेच पातेल्यात ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा कचेरीत गेले. लोरेनने अर्जाला बातमीची प्रत जोडली होती. *कोणत्या वेळेनुसार* या रकान्यात त्याने लिहिलं होतं, *हळू वेळ. आईने नर्सला सांगितल्याप्रमाणे.*

जोलीनने आधी बातमी वाचली, मग अर्ज, मग पुन्हा बातमी.

"हे तुमच्याच विरुद्ध जातंय. कळतंय ना?"

"कळतंय. पण आहे ते असं आहे. गावाची वेळ जलद होती, नोंद हळू वेळेने झाली. दोन्ही खरं आहे."

तिने पडद्यावर वेळांची यादी उघडली आणि बराच वेळ खालीवर केली. "यात हळू असं काही नाहीच."

"नाही," लोरेन म्हणाला. "आम्हीच ठेवलं नाही."

तिला ते कळलं नसावं. तिने पडद्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि काचेपलीकडे पर्स छातीशी धरून उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. मग दाखल्याची नवी प्रत काढून समोर ठेवली आणि तारखेवर पट्टीने एक सरळ रेघ मारली. समासात हाताने दुरुस्ती करून सहीशिक्का मारायचा अधिकार तिला होता. वर्षानुवर्षं तो तिने वापरला नव्हता इतकंच. पेन चालतंय का ते तिने कोपऱ्यात पाहिलं.

"कुठल्या वेळेने लिहू, मिसेस थिसेन?"

व्हर्डाने काचेचा काठ धरला. साठ वर्षांत हा प्रश्न तिला दुसऱ्यांदा कोणीतरी विचारत होतं.

"हळू," ती म्हणाली.

जोलीनने मान डोलावली आणि लिहायला घेतलं.