आत्याच्या बाथरूममधला मांडव

पनवेलमध्ये माझा मांडव-डेकोरेशनचा धंदा. पंचवीस वर्षांत लोकांना दोन गोष्टी पाठ झाल्यात. हरेशचा मांडव पडत नाही आणि हरेशचा शब्द खरा नसतो. एका मेव्हण्याला मी त्याच्याच हळदीच्या दिवशी चुकीच्या मांडवात नेऊन बसवला होता. गडी तिथं जेवूनसुद्धा आला.

सखूआत्या माझ्या बापाची थोरली बहीण. पनवेलजवळच्या कोन गावात राहते, वय अठ्ठ्याहत्तर, आणि धवलारीण आहे. म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवले, विधीची गाणी, म्हणणारी. तिची नात निशा, तिचं लग्न बारा दिवसांवर आलेलं, म्हणून मी मांडवाची मापं घ्यायला गेलो. आत्या पाणी घेऊन आली ती भिंतीला हात लावत. कोपराखाली सगळा हात जांभळा.

"हे काय झालं?"

"डास चावला."

"एवढा?"

"खाडीचा हाय."

मग दार लोटून तिनं खरं सांगितलं. बाथरूममध्ये पाय सरकला होता. जमिनीचे पैसे आल्यावर दीपेशनं, तिच्या पोरानं, बंगला बांधला आणि आरशासारख्या लाद्या घातल्या. जन्मभर शेणाच्या जमिनीवर चाललेले पाय त्याच्यावर टिकणार कसे?

"दीपेशला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बगशील," आत्या म्हणाली. "तो मना घरान बसवंल. मंग निशाचे धवले कोन बोलंल, तुजा डीजे?"

"मग काठी तरी घे."

"काठीवाली धवलारीन कोन बोलावतं रं?"

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोभर बांबू घेऊन हजर. आत्याला सांगितलं, गोडाऊन भरलंय, लग्नापर्यंत हे तुझ्याकडे राहू दे. आणि तिच्या पलंगापासून थेट बाथरूमपर्यंत भिंतीच्या कडेनं बांधून टाकले. खिडकीच्या गजाला, दाराच्या कडीला, आत नळाच्या पाइपाला. दीपेशनं विचारलं तर म्हटलं, फुलांच्या माळा सोडायच्यात, लग्नाची थीम आहे. थीम म्हटलं की आजकाल कुणी पुढं विचारत नाही.

आत्या काय दूधखुळी नाही. "गोडाऊनान जागा नाय, मनून बांबू बरोबर माज्या कमरेच्या उंचीवर बांधलंस?" म्हणाली. पण हात बांबूवरच होता. चार दिवस तिची ये-जा मस्त चालली. मी स्वतःवर भलताच खूश.

पाचव्या दिवशी निशाचा फोन. "काका, आजी पडली."

पोचलो तोवर पनवेलला नेऊन एक्स-रे काढून आणली होती. हाड शाबूत होतं, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. बाथरूममध्ये माझा बांबू आडवा पडलेला आणि सुतळी मोकळी. ती बघितली आणि काय झालं ते कळलं. आमची मांडवाची गाठ अशी असते की एक शेपूट लोंबतं ठेवायचं. ते ओढलं की गाठ एका झटक्यात सुटते, कारण सकाळी मांडव सोडून दुसऱ्या लग्नाला पळायचं असतं. सवयीनं हात तीच गाठ मारून गेले. आणि आत्यानं उठताना नेमकं ते शेपूट धरलं.

"कसली थीम रे ही?" दीपेश म्हणाला.

शिवानं बांधली, असं सांगायचं तोंडात तयार होतं. शिवा माझा कामगार, बिचारा नाही म्हणाला नसता. पण आत्या टेंगुळाखालून माझ्याकडे बघत होती.

"गाठ मी मारली," मी म्हटलं. "थीमबीम काही नाही. आत्या आधी एकदा पडली होती. मला माहीत होतं, तुला सांगितलं नाही."

दीपेश हसला. "पुरे आता, हरेशदादा."

त्याला हीपण माझी मस्करी वाटली. असं कधी ओशाळलो नव्हतो.

"खरं बोलतंय तो," आत्या म्हणाली. "पन एकदा नाय. आजचं धरून चार वेला परले."

मला एकदाचंच माहीत होतं. दीपेश तिच्या पायाशी बसला. "आय, मला का नाय सांगितलंस?"

"तू घरान बसवशील मनून."

"बसवलीच असती," तो म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं खरं.

आत्यानं मग एकेक हट्ट सोडला. लाद्या खरखरीत करा. दांडे बसवा. काठी घरात घेईन. "पन धवले मी उभ्यानं बोलनार."

"तासभर उभी राहशील? चक्कर आली तर?" दीपेशनं विचारलं.

 नातीच्या लग्नात बसून गायचं म्हणजे आत्याला काय वाटलं असेल, ते मला कळत होतं.

"बसून बोलेन," शेवटी म्हणाली. "खुर्ची नवरीच्या बाजूला. मांडवाच्या मागं नाय."

"नवरीच्या बाजूलाच," दीपेश म्हणाला.

"आनि कामाला प्लंबर बोलाव. ह्याला नको."

संध्याकाळी प्लंबरनं ड्रिल मारून स्टीलचे दांडे बसवले. आत्या बघायला आली, हात लावेना. माझ्याकडे वळली.

"लटक."

माझं वजन ब्याण्णव किलो. प्लंबर, दीपेश, निशा, सगळ्यांसमोर गुडघे दुमडून लटकलो. दांडा हलला नाही.

"आजून थोडा येल," आत्या म्हणाली. मी लटकून राहिलो. मग कुठं तिनं माझ्या हाताशेजारी आपला जांभळा हात ठेवला.