चिठ्ठीवरचं दुसरं नाव

शनिवारी सकाळी मी घरी पोचले तेव्हा आके, म्हणजे माझे वडील, अंगणात बटाटे झाकत होते. गोणपाट संपलं होतं म्हणून त्यांनी कपाटातले मानाचे चोगे बाहेर काढले होते. आमचा फुटबॉल महासंघ दर नव्या वर्षाला जुन्या खेळाडूंना जेवायला बोलावतो, प्रत्येकाच्या खांद्यावर सोनेरी नक्षीचा एक मखमली चोगा घालतो, फोटो काढतो आणि घरी पाठवतो. वडिलांकडे असे चोगे बरेच साठले होते. निळा, हिरवा, मरून. बटाट्यांचा ढीग एखाद्या खानासारखा दिसत होता.

"बर्फ पडायच्या आत यांचा काहीतरी उपयोग व्हायला हवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "कालचं पाहिलंस?"

"पाहिलं."

"कसं झालं?"

कालचं म्हणजे शुक्रवारची टीव्हीवरची मुलाखत. मी राजधानीत राहते, पुस्तकांची भाषांतरं करते. त्यामुळे आकेंच्या लेखी मी शब्दांची पंच होते. ते कुठेही बोलले की शनिवारी हा प्रश्न ठरलेला.

"'लाज' हा शब्द तीनदा आला. एकदा पुरला असता. आणि निवेदिकेवर बोट रोखू नका, ती बिचारी काय करणार?"

"म्हणजे वाईट झालं."

"वाईट म्हणाले नाही मी."

"चांगलंही म्हणाली नाहीस," असं म्हणून त्यांनी मरून चोग्याचं टोक ढिगाखाली खोचलं.

खरं तर शुक्रवारी अख्खा देश ती मुलाखत बघत थांबला होता. ते म्हणाले होते, "मी मतदानाच्या दिवशी जन्मलो, म्हणून आईनं नाव ठेवलं शायलोबेक. म्हणजे निवडणुकीचा सरदार. त्या दिवशी चिठ्ठीवर एकच नाव होतं. मी सत्तरीला आलो. राज्य बदललं, झेंडा बदलला, नोटा बदलल्या. महासंघात मात्र अजून एकच नाव आहे. आणि चिठ्ठी तरी कुठाय? अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर हात वर करायचा. खाली राहिलेला हात कोणत्या प्रांताचा ते ध्यानात ठेवतात, आणि पुढच्या वर्षी त्या प्रांतातली पोरं खडीवर खेळतात. चेंडू गोल आहे म्हणून तो फिरतो. खुर्चीला मात्र चार पाय आहेत, ती हलत नाही."

मंगळवारी महासंघाची सभा होती. आकेंना तिथे तीन गोष्टी मागायच्या होत्या: कुलूपबंद पेटी, पडदा, आणि चिठ्ठीवर दोन नावं. अडचण एकच होती. गुप्त मतदान मागायचं तरी आधी उघडपणे हात वर करावा लागणार होता. प्रांतांची माणसं फोनवर हो म्हणत होती. पण फोनवर हात दिसत नाही.

चहा मांडला तेवढ्यात तोको अबा आले. ते आकेंच्या संघाचे गोलरक्षक. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे कुर्दाश. आणि आमच्याकडे कुर्दाशाला काहीही बोलायची मुभा असते, त्याचा राग मानायचा नसतो.

"अरे म्हाताऱ्या, टीव्हीवर तुझं नाक केवढं दिसतं!" ते फाटकातूनच ओरडले. "मला वाटलं, पहाडांवरचा कार्यक्रम लागलाय."

"तू एकदा ये टीव्हीवर. तुला बघायला दोन टीव्ही शेजारी ठेवावे लागतील."

तोको अबांनी बोरसोक, तळलेल्या पिठाचा गोळा, सायीत बुडवला. "बरं, ते दुसरं नाव कोणाचं? तुझंच ना?"

"माझं कशाला? मी अध्यक्ष झालो तर महिन्याभरात स्वतःवरच टीका करायला लागेन. नाव कोणाचंही असो. आधी त्याला जागा हवी."

"आणि साबिरोविच काय म्हणतो?"

साबिरोविच म्हणजे महासंघाचे अध्यक्ष. एके काळी ते आकेंच्याच संघात राखीव खेळाडू होते. बहुतेक वेळ बाकावर बसून काढलेला.

"निरोप धाडला होता. स्टेडियमला माझं नाव देतो म्हणे, मंगळवारी गप्प बसलो तर."

"मग?"

"सांगितलं, नाव मेलेल्यांचं देतात. मी अजून बटाटे काढतोय."

दोघे खोकला येईपर्यंत हसले, मग नेहमीच्या जुन्या सामन्यावरून भांडले. मी सफरचंदं कापत होते. मी त्यांच्यासारखी मोठ्यानं हसत नाही. मी आईवर गेले आहे, असं आके म्हणत. ती जाऊनही बराच काळ झाला होता.

संध्याकाळी त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं. तलावावरून वारा सुटला होता. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या पिशवीत बटाटे कोंबले. गाडी आली.

"सांगितलं नाहीसच, कसं झालं ते."

"मंगळवार होऊ दे, मग सांगते."

"मंगळवारनंतर एक तर मी चोर ठरेन, नाहीतर थोर. मग सांगण्यात काय मजा?" गाडीचं दार ओढून लावताना ते म्हणाले, "पेटी आणि पडदा, बुरुल. एवढंच. पोरांना समजेल इतकं सोपं आहे."

रविवारी सकाळी तोको अबांचा फोन आला. आके गावच्या मैदानावर गोलाची जाळी बांधायला गेले होते. एक बाजू बांधून झाली, मग खांबाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. तोको अबांना वाटलं, थट्टा करतोय. "मी त्याला शिव्या दिल्या ग," ते म्हणाले. "ऐकू गेल्या नसतील ना?"

"गेल्या असल्या तर बरंच," मी म्हणाले.

मी घरी पोचेपर्यंत अंगणात तंबू उभा राहिला होता. आकेंना पडद्याआड ठेवलं होतं आणि तंबूच्या लाकडी जाळीदार भिंतीवर त्यांचे कपडे टांगले होते. मी एकुलती एक. मुलाच्या जागी तोको अबा कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून दाराशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक पुरुषाबरोबर मोठ्यानं रडले. बायका आत, दाराकडे पाठ करून बसल्या. कोशोक, म्हणजे मयताचा विलाप, गायचा तो मुलीनं. पण माझ्या तोंडून सूर निघेना, म्हणून आकेंची बहीण, उउलकान आत्या, माझ्या वतीनं गायली.

"पांढऱ्या घोड्यावर बसणारा, भाऊ माझा," ती गात होती. आके आयुष्यात एकदा घोड्यावर बसले होते आणि पडले होते. मी असे विलाप शेकड्यांनी वाचले होते, भाषांतरितही केले होते. कागदावर मला त्यांचं सगळं समजत होतं.

दफन तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारीच आलं. सभा गुरुवारवर गेली, कारण सातही प्रांतांची माणसं आमच्या अंगणात होती. आमच्याकडे लग्न चुकवलं तर माफी आहे, मयत चुकवलं तर नाही. साबिरोविचही आले. हुंदके देत आले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. ज्या संघात आपण बाकावर बसलो, त्या संघातला एक एक जण जाताना बघणं सोपं नसावं. त्यांनी नवा चोगा आणला होता, पांढरा, सोनेरी काठाचा. कुणीतरी तो आकेंच्या कपड्यांच्या वर टांगला. शेजारी आकेंचं कोपरावर विरलेलं जाकीट होतं.

मौलवी आले, आकेंना बाहेर न्यायची वेळ झाली. पुरुष रांगा करून उभे राहिले. तेवढ्यात साबिरोविच दोन शब्द बोलायला पुढे झाले. आम्हाला आत सगळं ऐकू येत होतं.

"शायलोबेक आके आणि मी भांडलो," ते म्हणाले. "भाऊ भांडतात. पण शनिवारी रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, झालं गेलं विसरू, महासंघ एकदिलानं चालू दे. ही त्यांची शेवटची इच्छा. गुरुवारी आपण सगळे एकाच आवाजात बोलू या. आणि स्टेडियमला त्यांचं नाव देऊ या. जुमादिल अक्साकाल, आपण गावातले सगळ्यांत वडील. आपणच तळहात उघडा."

मयतासमोर कुणी कुणाला खोटं पाडत नाही. आणि वडीलधाऱ्यानं दुआ मागायला तळहात उघडले की सगळ्यांना उघडावे लागतात. मेलेल्यासमोर उघड्या तळहातांनी जे मागितलं ते कुणाला फिरवता येत नाही. म्हातारे जुमादिल आता काठी बगलेत धरून हात पुढे करत असणार. ते हात उघडले असते तर पेटी, पडदा आणि दुसरं नाव, तिन्ही आकेंबरोबर मातीत गेली असती. तीही त्यांच्याच इच्छेनं.

पण साबिरोविच एक गोष्ट विसरले होते. तंबूत कोशोक सुरू झाला की बाहेर सगळं थांबतं. तळहातसुद्धा. आत्यानं तेवढा वेळ श्वास घेतला होता, म्हणून ते बोलू शकले.

मी तोंड उघडलं. जो निघाला त्याला सूर म्हणता येणार नाही. पण आवाज निघाला.

"मतदानाच्या दिवशी जन्म तुमचा,
चिठ्ठीवर नाव एकच होतं.
दुसरं नाव मागता मागता
आयुष्य तुमचं सरलं होतं."

आत्यानं माझ्याकडे वळून पाहिलं आणि माझी कंबर घट्ट धरली. आमच्याकडे विलाप करणारीला शेजारची अशीच धरून ठेवते. बाहेर काठ्यांचा आवाजही थांबला.

"कोणाशी केलात समेट, आके?
शनिवारी मला सोडताना
पेटी हवी, पडदा हवा,
हेच बोललात दार ओढताना.

वर व्हायला भिणारे हात
आज तुम्हाला उचलाया आले.
तुमचं ओझं पेलतं त्यांना,
स्वतःचेच हात का जड झाले?"

मग सूर संपला. माझ्याकडे तेवढाच होता.

बाहेरून तोको अबांचा आवाज आला, रडून बसलेला.

"साबिरोविच, मी त्याचा कुर्दाश. मला काहीही बोलायची मुभा आहे, म्हणून बोलतो. एका सामन्यात मी पुढे यायला हवं होतं की मागे थांबायला, यावर या माणसानं माझ्याशी चाळीस वर्षं समेट केला नाही. शनिवारी चहा पितानासुद्धा तोच वाद. आणि तुझ्याशी एका फोनवर केला?"

रांगेत कुणीतरी हसलं. मयताच्या अंगणात, भर रांगेत. मग दुसरा हसला, आणि ते हसू रडण्यासारखंच सगळीकडे पसरलं. आकेंना आवडलं असतं.

"गप्प बसा," जुमादिल अक्साकाल म्हणाले. त्यांचा आवाज अगदी पातळ आहे, तो ऐकायला सगळे गप्प बसतातच. "तोक्तोनाली," ते तोको अबांना पूर्ण नावानं म्हणाले, "त्यानं मागितलं काय होतं? नीट सांग, मला कमी ऐकू येतं."

"कुलूपबंद पेटी. पडदा. आणि चिठ्ठीवर दोन नावं."

"एवढंच?"

"एवढंच."

"फुटबॉलचं मला काही कळत नाही," म्हातारे म्हणाले. "पण हे काही जगावेगळं मागणं नाही. उघडा तळहात. शायलोबेकनं जे मागितलं, ते त्याच्या माघारी मिळो. ओमीन."

मी दाराकडे पाठ करून बसायला हवं होतं. मी वळले. तंबूच्या दारातून पहिली रांग दिसत होती. प्रांतांची ती माणसं, ज्यांना एक हात वर करायची भीती होती, दोन्ही तळहात आभाळाकडे उघडून उभी होती. साबिरोविचनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग त्यांनीही उघडले. शेकडो हात एकदम चेहऱ्यावरून फिरले.

आता गुरुवारी त्यांना हात वर करावाच लागणार होता. ज्यानं मेलेल्यासमोर दोन्ही हात दिलेत, तो एक हात खाली कसा ठेवील? गावी परतल्यावर त्याच्या घरचा चहा कोण पिईल?

तोको अबा आकेंना न्यायला आत आले. पांढऱ्या चोग्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तो त्यांनी भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला.

"उत्तरेची बाजू उघडी राहिलीय बघ बटाट्यांची," ते म्हणाले. "शनिवारीच म्हणत होता."

"घालते," मी म्हणाले.

बायका आमच्याकडे कबरीपर्यंत जात नाहीत. आम्ही दारात उभ्या राहिलो. आकेंना उचललं. सात प्रांतांतले खांदे एकमेकांना बाजूला सारत पुढे येत होते, प्रत्येकाला थोडी पावलं तरी हवी होती. फाटकाशी मौलवींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "हा माणूस कसा होता?"

"चांगला होता," सगळे म्हणाले.

मी चोगा छातीशी धरून फाटकापर्यंत गेले. आत्या मागून हाक मारत होती, पण तिनं मला अडवलं नाही. वाट तलावाकडे उतरत होती. मी कोशोकाचा सूर लावला नाही. शनिवारी चहा ओतताना बोलते तशीच बोलले, फक्त मोठ्यानं, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी.

"आके, शुक्रवारी तुम्ही फार छान बोललात. 'लाज' तीनदा म्हणालात तेच बरोबर होतं."