सुर्ल्याची तांबडी पाकोळी

आमचे हे, कृष्णनाथ मास्तर, शाळेत विज्ञान शिकवीत. घर धारगळला, पण त्र्याहत्तर साली खाणींच्या सुर्ल्याला बदली झाली. लोक सांत्वनाला आले. ह्यांना मात्र तिथे दिव्यावर एक पाकोळी, म्हणजे छोटा पतंग, दिसली आणि ह्यांचं बाकी कशात लक्ष राहिलं नाही.

पाकोळी नखाएवढी. पुढच्या पंखांवर दोन काळे ठिपके, कडेला बारीक झालर. धारगळलाही अशीच येई, पण ती पांढरी, सुर्ल्याची तांबडी. ह्यांनी नकाशा काढला. खनिजाचे ट्रक जात त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलभर ती सापडे, पलीकडे नाही. जगात दुसरीकडे कुठेच नाही, असं ह्यांचं म्हणणं. ह्यांनी जग पाहिलेलं वास्कोपर्यंत.

एकदा मला म्हणाले, "पुण्याच्या तज्ज्ञांनी मान्य केल्यानी तर हिका तुझा नाव देतलंय. सुमंगला."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. ह्यांनी माझं नाव उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली.

पुढच्याच आठवड्यात एक तांबडी पाकोळी न्हाणीतल्या बादलीत पडून फडफडली. बोटाने बाहेर काढली तर पांढरी. खनिजाची धूळ, दुसरं काय. सुर्ल्यात भिंती तांबड्या, झाडं तांबडी, आणि तिथे राहणाऱ्याला ते दिसेनासं होतं. पाकोळी मी चुलीत टाकली आणि गप्प बसले.

ह्यांनी आगपेटीत कापूस घालून तीन पाकोळ्या पुण्याला पाठवल्या आणि शाळेत सांगूनही टाकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. हेडमास्तरांनी फळ्यावर अभिनंदन लिहिलं.

उत्तर दोन महिन्यांनी आलं. ओल्या ब्रशने पुसताच रंग गेला. ही पाकोळी सावंतवाडीपासून कारवारपर्यंत सगळीकडे आढळते. पत्र सभ्य होतं, म्हणून जास्तच लागलं.

हे ताटावर नुसते बसून राहिले. "शाळेत आता तोंड कसा दाखवू? माझ्या लक्षात कसा येवक नाय?"

"माका ठावक होता," मी म्हटलं. बादलीतली पाकोळी सांगितली.

"मगे सांगलस कित्याक नाय?"

"तुमी तिका माझा नाव देतलास म्हणान गप रवलंय."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. ह्यांनी ताट पुढे ओढलं.

"वाढ," म्हणाले. नाव घेतलं नाही.