बुटातला उंदीर

दाजी गोदामात उंदीर पकडायचे. मेलेला उंदीर थंड पडला की अंगावरच्या पिसवा गरम अंग शोधत निघतात, म्हणून ते त्याला आधी साबणाच्या पाण्यात बुडवायचे. पण कारकून मेहुण्याच्या बुटात उंदीर कोंबायच्या घाईत ते राहून गेलं. मेहुणा टुणकन उडाला आणि सगळं गोदाम खो खो हसलं.

आठवड्याने मेहुणा तापाने फणफणला.

"उंदीर, पिसू, काही चावलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो, माझा भाऊ खुर्चीतून उठतो कुठे!" दाजींची बायको म्हणाली.

तिच्या धाकाने दाजी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एकदाचं सांगून टाकलं.

"उंदराचे जंतू पिसवांतून आले. परवाच बोलला असतात तर तो वाचला असता, आता औषध लागू पडणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मेहुणा तापात पुटपुटला, "दाजी, बूट झटकून ठेवा हं. उद्या कामावर जायचंय."