तुटलेली ओळ

"गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लाव," व्हर्लीन मावशी म्हणाली. "आणि चावी पर्समध्ये टाकू नकोस, हातात ठेव."

"पळून जायचंय की काय?"

"आवाज फुटला तर हो. मग मी पुन्हा गाणार नाही, आणि या चर्चमध्ये तोंडही दाखवणार नाही. आधीच सांगते."

मी गाडी वळवून लावली. केंटकीच्या आमच्या खोऱ्यात मावशीचा आवाज न ऐकता वाढलेलं कुणी नाही. लहानपणी ती याच चर्चमध्ये सोड्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर उभी राहून गायली. मग ट्रकवाल्यांची हॉटेलं, जत्रा, नॅशव्हिलचा रेडिओ. खाणीतल्या नवऱ्यांची आणि शनिवारच्या दारूची कंट्री गाणी गाऊन तिनं नाव कमावलं. तिचे यजमान हार्लन काका खाणीतल्या अपघातात गेले, त्यानंतर ती गॉस्पेलच गायला लागली, फक्त देवाची गाणी. लोकांनी तिच्या दोन्ही तऱ्हेच्या रेकॉर्ड एकाच कपाटात ठेवल्या.

गेल्या वर्षी तिच्या घशातली गाठ काढली. मी आवाजाच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे तिचे रिपोर्ट मला वाचता येतात. एका ठरावीक उंचीवर तिचा डावा स्वरतंतू मिटत नाही. तिथं सूर जातो आणि नुसती हवा उरते. त्याच्या वर ठीक, खालीही ठीक. मधली एक पायरी निखळलेल्या जिन्यासारखं. म्हणून आज गाणं खालच्या सुरात उचलायचं, असं आमचं ठरलं होतं.

दर वर्षी उन्हाळ्यातल्या या रविवारी कामासाठी ओहायो आणि डेट्रॉइटला गेलेली माणसंसुद्धा घरी येतात. बाहेर झाडांखालच्या टेबलांवर तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव झाकून ठेवलेला होता. दारातच म्हातारे ऑर्बिन काका उभे होते.

"काय गं व्हर्लीन, डॉक्टरांनी गळा कापला, पण जीभ शाबूत ठेवली म्हणे?"

"तिला हात लावायची हिंमत झाली नाही त्यांची."

आमच्या चर्चमध्ये पियानो नाही, गाण्यांची पुस्तकं नाहीत. एकानं ओळ गाऊन द्यायची आणि सगळ्यांनी ती जशी दिली तशी गाऊन घ्यायची. सुधारायची नाही. मागे ऑर्बिन काकांनी विसरून एकच ओळ दोनदा दिली होती, तर सगळ्यांनी ती दोनदा गायली. हसले ते नंतर, जेवताना.

मावशी उभी राहिली, डोळे मिटले, आणि ठरलेलं सगळं विसरून तिनं गाणं तिच्या आईच्या सुरात उचललं. वर. मला पहिल्याच शब्दाला कळलं. माझ्या मुठीत चावी रुतली.

"नदी खोल आहे, पण तळ तुझ्या..."

तिथं सूर गेला. घशातून फक्त वारा आला. मग पलीकडच्या काठावर तिला सूर पुन्हा सापडला, "हातात" म्हणून तिनं ओळ संपवली आणि डोळे उघडले. ती माझ्याकडे नव्हती बघत. दाराकडे बघत होती.

ऑर्बिन काकांनी ओळ घेतली. त्यांच्यामागून सगळ्यांनी. माझ्या बाकाची फळी थरथरायला लागली. ओळ चढत चढत त्या जागी आली आणि सगळं चर्च एकदम निःस्वर झालं. फक्त श्वास. म्हाताऱ्यांचा, बायकांचा, मांडीवरच्या मुलांना धरून बसलेल्यांचा, एकच लांब श्वास, डोंगरावरून वारा उतरावा तसा. मग सगळे एकाच वेळी पलीकडच्या सुरावर उतरले.

ताल द्यायला कुणी नव्हतं. इतक्या गळ्यांनी इतकी नेमकी पोकळी एकत्र कशी गायली, ते माझ्या कुठल्याच उपकरणाला सांगता येणार नाही. मावशीवर दया म्हणून हे चाललं नव्हतं. ओळ तशी दिली होती, म्हणून ती तशी घेतली होती. आता ते गाणं तसंच होतं.

मावशीचा हात गळ्याकडे गेला. तिनं दुसरी ओळ दिली. तीही त्याच जागी तुटली, पण या वेळी तो श्वास तिनं मुद्दाम लांबवला, आणि त्यांनीही. शेवटच्या ओळीपर्यंत मी माझा श्वास वेगळा ओळखू शकत नव्हते.

बाहेर आल्यावर ऑर्बिन काका प्लेट भरत म्हणाले, "दम काढलास गं आमचा. पुढच्या रविवारी जरा छोटी फट ठेव."

"मी ठेवीन तेवढी ठेवीन," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अजून मुठीत काय धरून बसलीस? टाक ती चावी पर्समध्ये आणि मला कोंबडीची तंगडी आण."