कोहेईची अक्कलदाढ

कोहेईची बोट बुडाली त्याला वर्ष होत आलं, तरी त्याच्या आईच्या, त्सुनेबाईंच्या, देवघरातला अस्थिकलश रिकामाच होता. माकूळ धरायला गेलेल्या त्या बोटीवरचं कोणीच सापडलं नव्हतं. देवळातल्या भिक्खूंनी सुचवून पाहिलं, त्याचा एखादा शर्ट ठेवा, चष्मा ठेवा, तेही चालतं. त्यावर म्हातारी फटकन म्हणाली, "शर्ट ठेवायला मी काय धोबीण आहे? नवऱ्याला जाळल्यावर त्याची हाडं ह्या हातांनी, रीतीप्रमाणे काड्यांनी उचलून कलशात ठेवलीत मी. पोराचंही काहीतरी हाताला लागेल, तेव्हाच कलश ठेवायला थडगं उघडायचं." वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि म्हातारी हट्टाला पेटली होती.

तिची सून, कोहेईची बायको फुमिए, फोनवर हे ऐकून गप्प बसायची. कारण कोहेईचं काहीतरी तिच्याजवळ होतं.

फुमिए सेन्दाईला दंतवैद्यक कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. किडलेल्या दातातले जंतू आतल्या गरापर्यंत पोचले, की त्या गरातल्या पेशी काय करतात ते पाहायचं, हेच तिचं काम. त्यासाठी लोकांच्या काढलेल्या दाढा लागत. कोहेईची अक्कलदाढ काढली, तेव्हा सुजल्या गालानं त्यानेच ती तिच्या हातावर ठेवली होती. "घे. घरातली सगळी अक्कल आता तुझ्याकडे. भांडणात मला बोल लावायचा नाही." तिने दाढ फोडून गर काढला, पेशी वाढवल्या. बऱ्याचशा प्रयोगांत संपल्या आणि शेवटची एक कुपी टाकीत गोठवलेली राहिली. बोट बुडाल्यावर तिने त्या कुपीला हात लावला नाही. ती गोठलेली आहे तोवर कोहेई अगदीच गेलेला नाही, अशी तिची वेडी समजूत. एवढी शिकलेली बाई, पण दुःखापुढे शिक्षणाचं काय चालतं!

शेवटी सासूचा खोल गेलेला आवाज ऐकवेना, तेव्हा एका दुपारी फोनवर तिच्या तोंडून निघून गेलं.

"दाढ आहे?" म्हातारी जवळजवळ ओरडलीच.

"दाढ नाही, आई. ती फोडावी लागते. आतल्या पेशी आहेत. जिवंत."

पलीकडून नुसतं आलं, "मी येते."

फुमिएने काळजावर दगड ठेवून कुपी उघडली आणि पेशी बशीतल्या गुलाबी पाण्यात सोडल्या. तळाशी नखाएवढी काच ठेवली होती. तिला त्या चिकटल्या आणि वाढल्या. त्सुनेबाई आल्या त्या मयताला घालायच्या काळ्या किमोनोतच. सुनेने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"हे लांबट लांबट दिसतंय, हाच का?"

"हो, आई."

"कसा पसरलाय बघ! सुट्टीला आला की चटईवर अस्साच पडायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची तर मेल्यावरही गेली नाही."

दोघींना हसू आलं. म्हातारीने डोळे पुसून पुन्हा वाकून पाहिलं.

"आणि तू ह्यांचं काय करायचीस?"

"जंतू घालायची."

"अगं बाई! मग गं?"

"मग ह्या हाका मारतात. म्हणजे पाण्यात एक द्रव्य सोडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते कळतं आणि त्या मदतीला धावतात."

"येतात ना पण?"

"तोंडात असत्या तर आल्या असत्या. बशीत रक्तच नाही, आई. कोणी येत नाही."

"तरी हाका मारतात?"

"मरेपर्यंत."

म्हातारीने डोळा बाजूला केला. आपण काय बोलून बसलो ते फुमिएला तेव्हा कळलं. वर्षभर दोघींनी हीच एक गोष्ट टाळली होती. त्या काळ्या पाण्यात त्याने कोणाला हाक मारली असेल, आणि किती वेळ.

"कलशात ह्यांना ठेवता येईल?" त्सुनेबाईंनी विचारलं.

"अशा नाही. औषध घातलं की आहेत तिथे, आहेत तशा थिजतात. मग काच सुकवून ठेवता येते."

"थिजतात म्हणजे मरतात."

"हो. नाही घातलं तर आणखी थोडे दिवस वाढतील. मग आपोआप थांबतील आणि हाताला काहीच राहणार नाही."

"म्हणजे मारायचं आपणच."

फुमिएने औषधाची नळी उचलली. अशा शेकडो बशा तिने गप्पा मारता मारता संपवल्या होत्या. आज हात बशीपर्यंत जाईना.

"थांब जरा," म्हातारी म्हणाली. ती बशीवर इतकी वाकली, की झाकणावर वाफ धरली. मग धक्क्यावरून बोटीला घालावी तशी मोठ्ठी साद तिने घातली. "कोहेई! ऐकलं रे! ऐकलं मी, बाळा! आता पुरे कर!"

पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"घाल आता," ती सुनेला म्हणाली.

फुमिएने घातलं. मग नळी खाली ठेवून, सगळ्यांच्या देखत, ती सासूच्या कुशीत मोठ्याने रडली. वर्षभरात पहिल्यांदाच.